निर्ण्याच्या टाकीचा डोळा

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. गुरुपादय्या सरांनी खुर्ची दाखवायच्या आधी नियम सांगितला. "लॅबच्या नोंदीत आकडा लिहायचा. मत लिहायचं न्हाई. मत आलंच तर घरी वही ठेव." संध्याकाळी हुमनाबादच्या बसस्टँडसमोर ही वही घेतली. मला मतं पुष्कळ आहेत.

आमची लॅब म्हणजे पाण्याच्या मोटारींच्या दुकानावरच्या दोन खोल्या. इथे डेटा लॉगर तपासतात. लॉगर ही हाताच्या पंजाएवढी डबी. तिला वायरीने जोडलेला सेन्सर जिथे ठेवाल तिथलं तापमान ती मिनिटामिनिटाला टिपून ठेवते. दुधाच्या टाकीत, लसींच्या फ्रीजमध्ये, बियाण्यांच्या गोदामात. ती डबी खरं बोलते का, हे बघायचं काम आमचं. खात्रीच्या थर्मामीटरशेजारी तिचा सेन्सर बुडवायचा, आधी बर्फात, मग कोमट पाण्यात, मग गरम पाण्यात, आणि दोघांत किती फरक पडतो ते लिहायचं. फरक मर्यादेत असला की हिरवं स्टिकर.

अप्पांना फोन केला. "म्हंजे तू मशीनची परीक्षा घेतीस?" मी म्हटलं, हो. "नापास करायचा अधिकार हाय का?" मी म्हटलं, आहे. पलीकडे ते कुणाला तरी सांगत होते, "नापास बी करती."

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आमच्या भागात सगळं अंदाजावर चालतं. मीठ चिमूटभर, बस 'येईल एवढ्यात'. मला वाटतं, ज्याची कुठे ओळख नसते त्याच्याजवळ निदान खरा आकडा असावा. सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "छान. वहीत लिही."

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी आल्या आल्या सरांनी मला स्टँडवर पाठवलं, कुरिअर आलंय का बघायला. "अन् चहा बी पिऊन ये निवांत. घाई करू नको." कुरिअर आलं नव्हतं. येणारही नव्हतं, असं तिथला माणूस म्हणाला. सर नोकरांची फार काळजी घेतात.

परत आले तर सर स्टुलावर उभे राहून भिंतीवरच्या सेन्सरची डबी फडक्याने पुसत होते. ते ठेंगणे आहेत, स्टुलावरूनही टाचा उंच कराव्या लागतात. लॅबच्या खोलीचं तापमानही सारखं राहावं लागतं, म्हणून तिथे आमचाच एक लॉगर आहे. खोलीत कापराचा वास होता. सर म्हणाले, डासांसाठी.

दुपारी आलेख वाचायचा सराव म्हणून त्याच लॉगरचे मागचे महिने काढले. दोरी ताणावी तशी सरळ रेघ. फक्त महिन्यातून एकदा, सकाळच्या वेळी, बारीकसा उंचवटा. सरांना विचारलं. "एसी," सर म्हणाले. मी लिहिलं, एसी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पहिलं बाहेरचं काम, निर्णा गावच्या महिला दूध केंद्रात.

हजार लिटरची गार करणारी टाकी आहे. ती यायच्या आधी इथल्या बायका कॅन भरून टेम्पोने दूध पाठवायच्या. उन्हाळ्यात अर्धे कॅन नासून परत यायचे. मागच्या वर्षी दूध संघाने टाकी दिली आणि यंदा सप्टेंबरात तिला लॉगर बसवला. तेव्हापासून तीनदा तापमान चार अंशांवरून चाळिसाजवळ गेलंय आणि थोड्या वेळात परत चारवर आलंय.

संघाचे सुपरवायझर माणिकप्पा माझ्यासोबत होते. त्यांनी मोटारसायकलवर बसल्या बसल्याच निकाल सांगितला. "आता अजून एकदा झालं की टाकी उचलतो. दुसऱ्या गावाची मागणी हाय. ह्यांनी परत कॅन धरावेत."

हे ऐकताना केंद्राच्या सचिव सत्यभामाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. टाकी सांभाळणाऱ्या नागरत्ना अक्का फरशी पुसत होत्या, ती आधीच लख्ख होती. भिंतीवर पाटी: 'यंत्राच्या खोलीत फुले, नारळ, अगरबत्ती आणू नये.' माणिकप्पांनीच लावली म्हणे. खेड्यात अशी शास्त्रीय दृष्टी पाहून बरं वाटलं.

मी विचारलं, "त्या तीन दिवशी सकाळी काही वेगळं घडलं होतं का?"

सत्यभामाबाई म्हणाल्या, "काय न्हाई. दूध आलं, वतलं, गेलं."

"लाईट गेली होती?"

"लाईट तर रोजच जाती."

"कुणी मशीनला हात लावला होता?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "आमी?" अक्का म्हणाल्या. "न्हाई बा."

किती साध्या बायका. मला त्यांच्यासाठी हे कोडं सोडवायचंच आहे.

लॉगर तपासायला घेतला, त्या जागी आमचा दुसरा बसवला. टाकीत एक पोलादी नळी उतरते, तिच्यात सेन्सर बसतो, वरून टोपण. नळीच्या तोंडाशी राखाडी भुकटी सापडली. लिहिलं, पाण्यातले क्षार. टोपणाच्या आट्यांत तांबूस काही. लिहिलं, गंज. इथेही डास असावेत, तोच वास होता.

निघताना चहाबरोबर नारळाच्या वड्या दिल्या. निर्ण्यात इतका नारळ कुठून येतो कोण जाणे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर बर्फ. फॅक्टरीतून लादी आणायची, शुद्ध पाण्याने धुवायची, चुरा करायचा, थर्मासात भरायचा, आणि पाणी इतकंच ठेवायचं की चुरा तरंगू नये. अशा थर्मासात शून्य अंश म्हणजे शून्य अंश. तिथे कुणाचा वशिला चालत नाही. निर्ण्याच्या लॉगरने शून्याला दोन दशांश दाखवलं. कोमट पाण्यात फरक याहून कमी. गरम पाण्यात तसाच. पास, आणि चांगल्या मार्कांनी.

सरांपुढे कागद ठेवला. ते म्हणाले, "मंग दूध तापलं म्हणायचं."

"हो सर. चाळीसपर्यंत."

"हजार लिटर दूध सहा मिन्टांत तापवून दुसऱ्या सहा मिन्टांत गार करणारी चूल कुणाकडं हाय, सांग. म्या विकत घेतो."

म्हणजे दूध तापणं शक्य नाही आणि लॉगर खोटं बोलत नाही. तिसरं काही सुचत नाही. रात्री जेवताना एक धागा सापडला. तारखा आहेत २१ सप्टेंबर, २१ ऑक्टोबर, २० नोव्हेंबर. ऑक्टोबरमध्ये त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं, गावभर माळा लागलेल्या, व्होल्टेज नक्कीच हललं असणार. म्हणजे दर महिन्याच्या विसाच्या आसपास विजेत काहीतरी होतं. उद्या वीज कंपनीच्या ऑफिसात विचारते.

३ डिसेंबर, बुधवार

वीज कंपनीतल्या माणसाने मला चहा पाजला आणि सांगितलं की विसाच्या आसपास तसं काही होत नाही, जे होतं ते रोज होतं.

निर्ण्याला जाऊन लॉगर परत बसवला, नळी ब्रशने साफ केली. मी ब्रश फिरवत असताना नागरत्ना अक्का शेजारी उभ्या होत्या. त्या मला 'तंगी' म्हणतात, कन्नडमध्ये धाकटी बहीण.

"तंगी, डोळ्याला दुखलं तर न्हाई ना?"

सेन्सरला त्या डोळा म्हणतात. बसवायला आलेल्या फिटरने सांगितलं होतं, हा मशीनचा डोळा, ह्यानेच ती आत बघते.

मी म्हटलं, "अक्का, याला कुणी हात लावत नाही ना?"

"शिव शिव. पाय धुतल्याबिगर आमी जवळ बी जात न्हाई."

स्वच्छतेची ही सवय रिपोर्टात कौतुकाने लिहिणार होते. मग आठवलं, मत लिहायचं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

रविवारी घरी जाऊन आले. मंठाळला पोचल्यावर पाहिलं तर अप्पांनी माझ्या बॅगेतून पडलेलं एक हिरवं स्टिकर मोटारसायकलच्या टाकीवर चिकटवलेलं. मी म्हटलं, "अप्पा, हे तपासलेल्या यंत्रालाच लावतात." ते म्हणाले, "मंग तपास. म्या कुटं न्हाई म्हनलं?" सातव्या किकला चालू झाली. स्टिकर तिथेच राहिलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

बेत ठरला. बिघाड विसाला किंवा एकविसाला येतो. वीस तारखेला पहिल्या बसने निर्ण्याला जाऊन दोन्ही दिवस टाकीसमोर बसायचं, काय होतं ते डोळ्यांनी बघायचं.

सर म्हणाले, "एकोणीसला कामून न्हाई?"

"एकोणीसला येळवस आहे ना सर. मी घरी जाणार. आणि त्या बायकाही रानात जातील, त्यांना सणाच्या दिवशी कशाला त्रास?"

सर माझ्याकडे पाहत राहिले. काहीतरी बोलणार होते. मग चष्मा पुसायला लागले. "जा," म्हणाले, "येताना आंबील घेऊन ये."

१९ डिसेंबर, शुक्रवार, मंठाळ

येळवस. आज सगळं मंठाळ रानात होतं, गावात कुत्रीसुद्धा नव्हती. ज्वारी कमरेच्या वर आलीय. अप्पांनी कडब्याची कोप, छोटी झोपडीच, बांधली होती, आत चुना लावलेले पाच दगड, त्यांच्यापुढे भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात, मडक्यात आंबील. भज्जीत सतरा भाज्या आणि तुरीचे ओले दाणे. मी तीनदा घेतली.

जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला तर आई म्हणाली, "आवसंला नवं काम काडू नी."

मी तिला समजावलं. अमावस्या म्हणजे फक्त चंद्र, सूर्य आणि पृथ्वी यांची जागा. चंद्र काही आपण काय करतो ते बघत नाही.

"चंद्र न्हाई बगत," आई म्हणाली. "आपुन बगताव की."

आईला विज्ञान समजावणं सोपं नाही. पण आंबील अप्रतिम झाली होती. उद्या पहाटे निघायचं, आज लवकर झोपते. उद्या हा बिघाड पकडायचाच.

२० डिसेंबर, शनिवार

क्रमाने लिहिते.

उजाडताना पोचले. बायका दूध ओतत होत्या. मी टाकीसमोर स्टूल टाकून बसले. सगळ्या माझ्याकडे बघत येत आणि बघत जात होत्या. दहा वाजले, काही झालं नाही. मग म्हटलं तोवर डेटा उतरवून घ्यावा. केबल लावली, आलेख उघडला.

बिघाड होऊन गेला होता. काल सकाळी. चारवरून अडतीस, परत चार.

सत्यभामाबाई शेजारीच होत्या. मी त्यांना म्हटलं, "मावशी, बघा हो नशीब. काल येळवस म्हणून मी घरी राहिले आणि नेमकं कालच, अमावस्येलाच..."

आणि माझं वाक्य तिथेच थांबलं.

फोनमध्ये तारखा बघितल्या. २० नोव्हेंबर, अमावस्या. २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन, म्हणजे अमावस्याच. २१ सप्टेंबर, सर्वपित्री. मग टोपण उघडलं. नळीच्या तोंडाशी ताजी राखाडी भुकटी. बोट लावून वास घेतला. ती विभूती होती. आट्यांतला गंज बोटाला लागला आणि पुसला तर आणखी पसरला. कुंकू.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्ही पूजा करता?"

नागरत्ना अक्का आधी भिंतीवरच्या पाटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढुशी."

"कापूर लावता?"

"एकच वडी."

"आणि डोळा बाहेर काढता?"

त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. "मंग आतल्या आत कसं ववाळायचं?"

म्हणजे दर अमावस्येला पहाटे पाय धुऊन, टोपण उघडून, सेन्सर बाहेर काढतात. पुसतात, विभूती लावतात, कुंकू लावतात, हातात धरून कापराने ओवाळतात आणि परत जागेवर ठेवतात. लॉगरने ते सगळं इमानदारीने टिपलंय. दुधाला काहीच झालं नव्हतं. दूध खाली चार अंशांत झोपलं होतं.

मला हसू यायला हवं होतं. आला राग. मी म्हटलं, "या पूजेने टाकी जाणार आहे, कळतंय का तुम्हाला? देव काय टाकीत बसलाय?"

सत्यभामाबाई शांतपणे म्हणाल्या, "पोरी, गाईला ववाळताव, गाडीला ववाळताव, इळ्याला बी हळदकुंकू लावताव. पोटाला घालती म्हणून. हिला तेवडं कामून वगळायचं?"

मी टोपण परत लावायला घेतलं.

"आता तू काय लिवणार?" अक्कांनी विचारलं.

"जे झालं ते."

"तंगी, वायर ढिली होती म्हणून लिही की. मशीन थोडंच चुगली करतंय."

ते मशीन अगदी तेवढंच काम करतं, हे त्यांना कसं सांगू? बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, त्यांनी माझ्या पिशवीत वड्या ठेवल्या होत्या. आता कळलं तो नारळ कुठून येतो.

२२ डिसेंबर, सोमवार

सरांना सगळं सांगितलं. त्यांना फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"वायर ढिली लिहिलं तर कुणी विचारणार न्हाई," सर म्हणाले. "टाकी बी राहील."

"पुढच्या अमावस्येला परत होईल, सर. मग परत ढिली लिहायचं? आणि आपला सगळा धंदाच खरं सांगण्याचा आहे ना?"

"पूजा लिहिलंस तर माणिकप्पा चिडंल. पाटी त्यानंच लावलीय."

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय लिहिलं असतं?"

सर भिंतीवरच्या सेन्सरकडे बघत म्हणाले, "मला कामून विचारायलीस?" आणि उगीचच फाईल शोधायला आत गेले.

मी लिहिलं. चार तारखा, वेळ. 'सेन्सर नळीबाहेर काढला गेला. कारण: पूजा. दुधाच्या तापमानावर परिणाम नाही.' खाली पहिल्यांदा माझी सही. सही करताना वाटलं, आपण टाकीच्या कागदावर सही करतोय की टाकीच्या मरणावर. सरांनी कागद वाचला, खाली स्वतःची सही केली आणि म्हणाले, "संघात म्या बी येतो."

२९ डिसेंबर, सोमवार

दूध संघाचं ऑफिस. माणिकप्पा टेबलामागे, समोर सत्यभामाबाई, अक्का, सर आणि मी.

माणिकप्पांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "संघाच्या कागदात 'पूजा' हा शब्द पहिल्यांदाच आला," ते म्हणाले. "अन् दूध तापलं न्हाई हे कशावरून? तू म्हणतीस म्हणून?"

मी याचीच तयारी करून गेले होते. पिशवीतून बर्फाचा थर्मास काढला, लॉगर काढला, सेन्सर बर्फात ठेवला. शून्य. मग म्हटलं, "साहेब, हा मुठीत धरा."

त्यांनी धरला. आकडा चढायला लागला. दहा. वीस. सत्तावीस. एकतीस.

"आता बर्फ बघा. वितळलाय का?"

थर्मासात बर्फ होता तसाच. माणिकप्पा एकदा मुठीकडे, एकदा बर्फाकडे बघत राहिले. मुठीतला आकडा चौतिसापर्यंत गेला तरी त्यांनी ती सोडली नाही. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अण्णा, सोडा आता. तुमाला ताप हाय म्हणून रिपोर्ट जाईल." सत्यभामाबाईंनी पदर तोंडाला लावला.

शेवटी ते म्हणाले, "ठीक हाय. अठरा जानेवारीच्या आवसंला रेघ सरळ आली तर टाकी राहिली. उंचवटा आला तर दुसऱ्या दिवशी ट्रक. अन् पूजा बंद. समजलं का?"

"व्हय," सत्यभामाबाई म्हणाल्या.

असा 'व्हय' मी आईकडून कैक वेळा ऐकलाय. त्याचा अर्थ 'न्हाई' होतो.

३ जानेवारी २०२६, शनिवार

पूजा बंद होणार नाही. त्या पाटी वाचूनही करत होत्या, आता आणखी पहाटे उठून करतील. मी ओरडले तर माझ्यापासूनही लपवतील. दोन दिवस याचाच विचार. आज सुट्टी म्हणून घरी आलेय, अप्पा जत्रेच्या पालखीला रंग देत होते. ते रंगाचं बोट झटकत म्हणाले, "औंदा उत्सवमूर्ती नवी केलीय, बगून ये." बघून आले. छान आहे, हलकी, दोघांना सहज उचलते.

मूळ देव काही गाभाऱ्यातून हलत नाही. गावातून मिरवते ती उत्सवमूर्ती.

लगेच परत जायचं होतं, पण बस संध्याकाळीच.

७ जानेवारी, बुधवार

लॅबच्या भंगाराच्या डब्यात एक जुना सेन्सर होता, दोन अंश चुकीचं दाखवतो म्हणून नापास झालेला. सरांना मागितला. त्यांनी कशाला ते विचारलं, मी सांगितलं. सर इतके हसले की चष्मा काढावा लागला. मग डब्यात शोधून त्यातल्या त्यात चकचकीत निवडून दिला.

निर्ण्याला टाकीसमोरच्या भिंतीत, हात पुरेल अशा उंचीवर खिळा ठोकला आणि त्यावर तो टांगला. बायका गोळा झाल्या. मी सांगितलं, "आतला डोळा हा गाभाऱ्यातला. तो हलवायचा नाही. हा उत्सवाचा. याला कुंकू लावा, विभूती लावा, काय हवं ते ओवाळा."

सत्यभामाबाईंना पटलं. अक्कांना नाही.

"हा मेलेला डोळा हाय, तंगी. मेलेल्याची पूजा आमी करत न्हाई."

"मेलेला नाही अक्का, जरा चुकीचं दाखवतो एवढंच."

"म्हंजे आंधळा."

"आंधळा नाही. रिटायर झालाय म्हणा."

अक्का विचारात पडल्या. "मास्तरासारखा?"

"हो."

"मंग चालतंय," अक्का म्हणाल्या. "रिटायर मास्तरला हार घालतातच की."

मागून कुणीतरी म्हणालं, "ते बी दोन अंश चुकीचंच शिकवायचे."

खऱ्या सेन्सरचं टोपण मी घट्ट केलं. सील लावणार होते, पण लावलं नाही. का नाही ते नोंदीत लिहिता येणार नाही. या बायकांवर विश्वास ठेवायचा होता, म्हणून.

१८ जानेवारी, रविवार

पहाटे सरांच्या ओळखीच्या रिक्षाने निर्ण्याला पोचले. माणिकप्पा माझ्या आधी येऊन बसले होते, मफलर गुंडाळून.

त्यांना बघून बायका थबकल्या. अक्कांच्या हातात ताट होतं, ते त्यांनी पाठीमागे नेलं. कापूर तिथेही दिसत होता. मग सत्यभामाबाईंनीच ताट अक्कांच्या हातून घेतलं आणि सरळ खिळ्याकडे गेल्या. रिटायर डोळ्याला पाणी, विभूती, कुंकू, झेंडूचं फूल. कापूर लावला. माझे डोळे लॅपटॉपवर होते. कापूर जळत होता, टाकीतलं दूध तीन पॉइंट नऊ.

ओवाळून झालं. तीन पॉइंट नऊ. दूध ओतायला सुरुवात झाली तशी रेघ रोजच्यासारखी जरा उचलली आणि खाली बसली. मी लॅपटॉप माणिकप्पांपुढे धरला. त्यांनी बोटाने रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली.

"ट्रक नको," ते म्हणाले.

नागरत्ना अक्का तिथेच खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. सत्यभामाबाईंनी सगळ्यांच्या हातावर खोबरं-साखर ठेवली. माणिकप्पांच्याही. त्यांनी एकदा पाटीकडे बघितलं, तिच्याकडे पाठ केली आणि खाल्लं.

परत येताना मला वाटलं, आज मी खरा आकडा वाचवला. नंतर वाटलं, आकड्यालाही खिळ्याची मदत लागली.

१९ जानेवारी, सोमवार

महिन्याचं काम म्हणून लॅबच्या खोलीचा लॉगर उतरवला. सरळ रेघ. आणि काल सकाळी नऊला बारीकसा उंचवटा.

काल रविवार होता. लॅब बंद. एसी बंद.

मागचे उंचवटे बघितले. १९ डिसेंबर. २० नोव्हेंबर, म्हणजे मी ज्या दिवशी न येणारं कुरिअर बघायला गेले होते. आणखी मागे जायची गरज पडली नाही.

सर समोरच बसले होते, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बर्फाच्या थर्मासचं झाकण घट्ट करत. मी भंगाराच्या डब्यातून दुसरा रिटायर सेन्सर काढला, खालच्या दुकानातून हातोडी आणली आणि दाराच्या बाजूला, भिंतीवरच्या सेन्सरपासून लांब, एक खिळा ठोकून त्यावर तो टांगला. सरांनी मान वर केली नाही. झाकण मात्र तीनदा घट्ट केलं.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी सर माझ्या आधी आले होते. त्या खिळ्यासमोर उभे होते, हात मागे बांधून. मी पिशवी ठेवली, पाणी प्यायले, आजची कामं काढली. मग ते म्हणाले,

"वीतभर खाली घे. माझा हात पुरत न्हाई."